दहा हात, तेरा घंटा आणि एक पियानो

काळी_पाच
मंडळी, या विषयावर इथे आधी धागा निघाला असेल असं वाटत नाही. मदत हवी आहे.

मी फिलाडेल्फियाच्या उत्तरेला राहते. घराजवळच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी हँडबेल वाजवणाऱ्या बायका जमतात. मी त्यांच्या चर्चची नाही, पण शेजारच्या आजी "तुला पियानो येतो ना, मग चल" म्हणून घेऊन गेल्या, त्याला दीड वर्ष झालं. येतो म्हणजे काय, लहानपणी सोलापुरात पेटी शिकले होते. इथे येऊन डाव्या हाताला भात्यातून सुट्टी मिळाली आणि तोही कामाला लागला, इतकंच.

ज्यांनी हँडबेल पाहिली नसेल त्यांच्यासाठी: दिसायला पितळी, पण असते काशाची. एका घंटेतून एकच स्वर. लोलक देवघरातल्या घंटेसारखा चहूकडे डुलत नाही, पुढे-मागे एकाच रेषेत हलतो, आणि हाताला नीट झटका दिला तरच आदळतो. स्वर थांबवायचा तर घंटा खांद्याखाली टेकवायची. घामाचे डाग पडू नयेत म्हणून हातमोजे. एकीच्या दोन हातांत दोन घंटा, म्हणजे दोन स्वर. बाकीचे स्वर दुसऱ्यांकडे. साधी एक ओळ वाजवायला चार-पाच जणी लागतात आणि प्रत्येकीला आपली पाळी येईपर्यंत गप्प उभं राहावं लागतं. गप्प राहणं हेच जास्त अवघड आहे.

पूर्वी या गटात अकरा जणी होत्या आणि तीन सप्तकांचा ३७ घंटांचा संच होता. वयं झाली, कोणी मुलांकडे राहायला गेलं, मोठा संच दुसऱ्या गटाला दिला. आता उरल्यात पाच जणी आणि एका सप्तकाच्या १३ घंटा, सी पासून वरच्या सी पर्यंत, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. पियानोवर मी. एप्रिलमध्ये एका वृद्धाश्रमात वाजवायचं आहे आणि सगळ्यांना पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन (एकच चाल वेगवेगळे आवाज एकामागून एक धरतात ती रचना) हवा आहे.

मी बसवला. फसला. मूळ डी मेजर आहे, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी दोन. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या मिळाव्यात म्हणून मी तो पांढरी एकवर, सी मध्ये आणला. पण ती सुरुवातीची उतरती चाल ई, डी, सी करत खाली बी वर जाते आणि आमची सगळ्यात खालची घंटाच सी! मग बी, ए, जी वरच्या बाजूचे घेतले. जिना उतरणारा माणूस मधेच गच्चीवर दिसावा तसं ऐकू येतं. शिवाय मी उजव्या हाताने चालही वाजवत होते, आधार म्हणून. परिणाम असा की घंटा हलताना दिसतात, ऐकू येतो फक्त पियानो. आणि स्वर रेंगाळत ठेवणारं पेडल दाबलं की सगळ्याचा गरगट्टा.

कुणी असं काही बसवलंय का?

बोरूबहाद्दर
शीर्षक वाचून वाटलं, 'घंटा जमणार' असा काही विनोदी लेख असेल. आमच्या घरात एकच घंटा आहे आणि ती आईच्या पट्टीत वाजते.

पण गंभीरपणे: पाच माणसं मिळून एक ओळ, यापेक्षा एकट्याने पेटी बरी नाही का?

काळी_पाच
बोरूबहाद्दर, बरी. पण मग गुरुवारी पाच जणी भेटणार कशाला?

नगरची_उत्तरा
काळी_पाच, दुखणं ओळखीचं आहे. ओहायोत चौदा वर्षं वाजवते आहे. (माहेर नगरचं, चर्चमध्येच वाढले, पण तिथे पेटी-तबल्यावरची भजनं. घंटा फक्त मनोऱ्यात असते अशीच समजूत होती.)

पट्टी निवडताना तुम्ही पियानोवालीची सोय बघितलीत. घंटा धरणारीला काळी काय आणि पांढरी काय, हातात घंटाच असते. तिच्यासाठी अवघड-सोपी पट्टी नसतेच. तेव्हा आधी चालीचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर शोधा आणि ती चाल तुमच्या सप्तकात कुठे मावते ते बघा. कॅननची चाल डी मध्ये एफ शार्प, ई, डी, सी शार्प, बी, ए, बी, सी शार्प अशी आहे. ती पांढरी चारवर, एफ मध्ये न्या: ए, जी, एफ, ई, डी, सी, डी, ई. सगळ्यात खाली सी, तुमची पहिली घंटा. अख्खी मावली, वर थोडी जागाही उरली. एक बी फ्लॅट लागेल, ती तुमच्याकडे आहे. (काळी पाच! आयडी आधीच घेऊन ठेवलात.)

आता पियानो. मला वाटतं तुमची खरी चूक इथे झाली आहे. घंटांचं लिखाण वाजतं त्यापेक्षा एक सप्तक खाली असतं. कागदावर मधला सी दिसतो, वाजतो त्याच्या वरचा. तुम्ही संगणकावर पियानोचं वाद्य निवडून लिहिलंत ना? मग त्याने तुम्हाला घंटा मधल्या सप्तकात ऐकवल्या. प्रत्यक्षात त्या वर वाजतात, आणि नेमक्या तिथेच तुमचा उजवा हात चाल वाजवत होता. पियानोचा हातोडा असल्या घंटेला सहज गिळतो. त्यांचं सप्तक पूर्ण मोकळं सोडा. डावा हात खर्जात, उजवा मधल्या सी च्या आसपास, आणि चाल अजिबात नको. त्यांना आधार लागतो तो तालाचा. चालीचा आधार दिलात की त्या वाजवायच्या थांबतात आणि ऐकत बसतात.

एक जुनी सवय सांगते. मी स्वर लिहायला घेण्याआधी हात मोजते. तुमचे दहा. एफ मेजरला घंटा लागणार आठ: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी फ्लॅट, वरचा सी. म्हणजे दोन हात मोकळे. ज्यांचं मनगट दुखतं त्यांना एकच घंटा द्या, आणि वरची द्या. वरच्या घंटा लहान आणि हलक्या असतात.

बारा-तेरा घंटा आणि पियानो असं छापील संगीतही मिळतं. पण स्वतः बसवलेलं वाजवायची गंमत वेगळी, म्हणून ते शेवटी सांगितलं.

खर्ज
ध्वनिशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून पेडलच्या गरगट्ट्याबद्दल दोन शब्द.

प्रत्येक घंटेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर निघतात, आणि ते तंबोऱ्यासारखे शिस्तीत नसतात. युरोपातल्या मनोऱ्यातल्या घंटेत सा बरोबर कोमल गंधार ठळक ऐकू येतो. तिचा नाद थोडा उदास वाटतो त्याचं एक कारण हेच. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. गेलात तर एकदा टोल देऊन, कान लावून, शेवटपर्यंत ऐका. टोल दिल्यावर लगेच फोटो काढायला वळू नका.

इंग्लिश पद्धतीची हँडबेल वेगळी. तिचा ओतीव आकार आणि कातकाम असं ठेवतात की मूळ स्वरानंतरचा ठळक स्वर बरोबर बारावा यावा, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. कोमल गंधाराची कटकट नाही म्हणून ती सुरेल वाटते. पण हिशोब करून बघा. सी वाजली की वर बारीकसा जी वाजतो. ई वाजली की बी. जी वाजली की डी. तुम्ही सी-ई-जी असा साधा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) तीन घंटांवर दिलात, तर कानावर जी, बी, डी हाही एक कॉर्ड पडतो. एकदा ऐकायला छान, चमचमतं. पण पुढचा कॉर्ड येईपर्यंत आधीचा थांबवला नाही आणि खाली पियानोचं पेडलही दाबलेलं असेल, तर एकावर एक चार कॉर्ड साचतात. म्हणून घंटांवर एका वेळी एक किंवा दोनच स्वर. कॉर्ड भरायचं काम पियानोचं, आणि पेडल प्रत्येक कॉर्डला बदलायचं.

नगरची_उत्तरा
खर्ज, कारण आज कळलं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई एवढंच सांगायच्या, "दोनपेक्षा जास्त नको, पोटात गोळा येतो."

बोरूबहाद्दर
घंटा काशाची, म्हणजे तळपायाला तूप चोळायची ती काशाची वाटी असते तीच जात? तिच्यावर चमचा मारला की बराच वेळ वाजते, हे लहानपणी बोलणी खाऊन शिकलो आहे.

खर्ज
तीच जात. घंटेत साधारण ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, आणि पडली तर फुटते.

लेस्टरची_माई
उशिरा आले धाग्यावर. मी इंग्लंडमध्ये मनोऱ्यातल्या घंटा वाजवते, म्हणजे दोरी ओढते. हँडबेल हे आमच्याच घरातलं शेंडेफळ. मनोऱ्यातल्या घंटांचा सराव करायचा तर थंडीत कुडकुडत वर चढायचं आणि अख्ख्या गावाच्या कानाला त्रास. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी हातात धरायच्या, सुरात लावलेल्या घंटा केल्या. विल्टशरमधल्या ऑल्डबर्न गावच्या कोर बंधूंचं नाव त्यात पुढे येतं. अमेरिकेत त्या रुजवल्या बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांनी. १९०२ मध्ये इंग्लंडहून त्यांना एक संच भेट मिळाला होता, १९२३ मध्ये त्यांनी स्वतःचा गट काढला.

आमच्याकडे चाल वाजवतच नाहीत. क्रम बदलत नेतात. चार घंटांचे २४ क्रम, आठांचे ४०,३२०. ते सगळे एका बैठकीत, माणसं न बदलता, इथे जवळच लफबरोच्या ओतशाळेत १९६३ साली वाजवले होते. १७ तास ५८ मिनिटं लागली. जेवण नाही, काही नाही.

पण मुद्द्यावर येते. काळी_पाच, तुमच्या बायका थोड्या मागे पडतात का?

काळी_पाच
माई, कसं ओळखलंत! मी पहिला ठोका देते आणि घंटा त्याच्यामागे, बोळवण करायला निघाल्यासारखी.

लेस्टरची_माई
कारण घंटा हात हलवला त्या क्षणी वाजत नाही. हात पुढे जातो, घंटा थांबते, लोलक चालत राहतो आणि मग आदळतो. मोठ्या घंटेत हा वेळ जास्त. मनोऱ्यात तर दोरी ओढल्यावर टोल पडेपर्यंत एक विचार करून होतो. तुमची पट्टी दाबली की लगेच वाजते. तुम्ही ठोका द्यायच्या आधी त्यांचा हात निघायला हवा. तर ठोका मोजू नका, श्वास घ्या. ठोक्याआधी एक मात्रा सगळ्यांना दिसेल असा मोठा श्वास, खांदे वर. त्या तुमच्या खांद्यांवर निघतील. पियानो आडवा ठेवला असेल तर वळवून घ्या, तुमचा चेहरा दिसला पाहिजे.

शुद्धसारंग
वाचतो आहे. एक प्रश्न: एवढी खटपट करताय तर काही आपलंही वाजवा की. भूप राग पाच स्वरांचा आहे, घंटाही थोड्याच.

काळी_पाच
हो, हे मनात होतं. एफ ला सा धरला तर आमच्या सप्तकात खालचे प, ध आणि नी, मग सा, रे, ग, म आणि वरचा प येतो. भूपाला म आणि नी लागत नाहीत, म्हणजे बी फ्लॅट आणि ई टेबलावर. ग रे सा, खालचा ध, सा रे ग असा छोटा तुकडा कॅननच्या आधी करून बघितला. विशेष म्हणजे भूपात घंटा थांबवायच्याच नाहीत. पाचही स्वर एकमेकांवर रेंगाळले तरी कुणाचं कुणाशी भांडण नाही. दहा मिनिटांत बसला. शेजारच्या आजी म्हणाल्या, हे कॅननपेक्षा बरं आहे.

शुद्धसारंग
बसला असेल, पण त्याला भूप म्हणू नका. भूपाचे स्वर म्हणा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, गंधारावर जाणं नाही, थेट टोल. याच पाच स्वरांचा देसकारही आहे. घंटा ऐकून कुणी सांगेल का कुठला ते?

खर्ज
सांगेल की. ग वर थांबा, भूप. ध वर थांबा, देसकार. पेटीवरही लोक वर्षानुवर्षं गातच आहेत ना.

शुद्धसारंग
पेटीवरही मींड नाही हे मला माहीत आहे, आणि पेटीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

बोरूबहाद्दर
पेटीचा वाद सुरू झाला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

काळी_पाच
शुद्धसारंग, मान्य. कार्यक्रमपत्रिकेत 'पाच स्वरांची सकाळ' असं काहीतरी लिहीन.

शुद्धसारंग
सकाळ म्हणजे देसकार. भूप रात्रीचा.

काळी_पाच
बरं, 'पाच स्वर'!

तर प्रगती. हात असे वाटले आहेत. पहिली: सी, डी. दुसरी: ई, एफ. तिसरी: जी, ए. चौथी: फक्त बी फ्लॅट. पाचवी, म्हणजे शेजारच्या आजी, वय ८१: फक्त वरचा सी. प्रत्येकीने आपले स्वर कागदावर रंगवलेत, उजव्या हाताचे लाल, डाव्याचे निळे. पान उलटायला कुणाचाच हात मोकळा नसतो, म्हणून सगळं एका मोठ्या कागदावर.

खालचे आठ स्वर, एफ, सी, डी, ए, बी फ्लॅट, एफ, बी फ्लॅट, सी, ते माझ्या डाव्या हाताला. मुळात ते अठ्ठावीस वेळा फिरतात. आम्ही सात फेऱ्या ठेवल्या. पहिली फेरी मी एकटी. दुसरीत घंटांची चाल. तिसरीत घंटा टेबलावरच्या फोमवर आडव्या ठेवून लोलक बोटाने आपटायचा. टक-टक असा कोरडा आवाज येतो, लहान मुलांना फार आवडेल. चौथीत मूळ रचनेतली ती भरभर धावणारी सजावट मी मधल्या सप्तकात वाजवते आणि घंटा आठ संथ स्वरांवरच राहतात. आधी मी ती सजावट घंटांना दिली होती, काय तो गोंधळ! आठ जणी असत्या तरी जमलं नसतं. भरभर ते पियानोचं, लांब ते घंटांचं. हे कळायला तीन गुरुवार गेले.

अडचण बी फ्लॅटवाल्या चौथीची होती. चालीत बी फ्लॅट येतच नाही. पहिल्या दोन सरावांना ती बिचारी एक घंटा घेऊन उभी, हसरा चेहरा करून. मग पाचव्या फेरीत दुसरा आवाज आणला. कॅननमधला दुसरा आवाज चालीच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालतो: एफ, ई, डी, सी, बी फ्लॅट, ए, बी फ्लॅट, सी. शेवटच्या चारांपैकी पहिले तीन आमच्या सप्तकाखाली जातात, म्हणून चारही वरचे घेतले. इथे उडी चालते, कारण मूळ चाल त्याच वेळी शांतपणे खाली उतरत असते आणि कान तिच्या मागे जातो. म्हणजे चौथीला दोन टोल आणि आजींना एक, तेही सगळ्यांच्या वर, एकदम उघडे. चौथीच्या चेहऱ्यावरचं हसू आता खरं आहे.

नगरची_उत्तरा
वा! एकच सुचवते. तिथला पियानो आधी जाऊन ऐकून या. घंटा सुरात लावता येत नाहीत. पियानो उतरलेला असेल तर तुम्हीच बेसूर ठरता.

काळी_पाच
उत्तराताई, पाया पडते. आज जाऊन आले. सुंदर, काळा, वर फुलदाणी ठेवलेला पियानो, आणि अख्खा अर्ध्या सुराच्या आसपास उतरलेला. आजींनी वरचा सी वाजवला, मी पियानोवर तोच दाबला, दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. लावून घ्यायला आता वेळ नाही. घरचा कीबोर्ड नेणार. त्याला बारीक सूर वर-खाली करायची सोय आहे, घंटांशी जुळवून घेईन.

लेस्टरची_माई
कीबोर्डचा स्पीकर त्या बायकांच्या पाठीमागे ठेवा, पण आवाज कमी. समोर ठेवलात तर त्यांना काही ऐकू येणार नाही.

काळी_पाच
झालं एकदाचं. काल दुपारी, साधारण चाळीस जण, निम्मे व्हीलचेअरवर. कीबोर्ड माईंनी सांगितला तसा. पाच स्वर छान झाले, एक आजोबा डोळे मिटून बसले होते (जागे होते, मी बघितलं).

कॅननच्या पाचव्या फेरीत चौथीने बी फ्लॅट उचलली, हात पुढे केला आणि टक्क. नाद नाही. लोलकाचा स्क्रू सैल होऊन तो कडेला अडकला होता. दुसऱ्या टोलाला दोन मात्रा होत्या. माझा उजवा हात मधल्या सी वर होता, तो उचलून त्यांच्या सप्तकात नेला, जिथे जायचं नाही असं तुम्ही सगळ्यांनी बजावलं होतं तिथे, आणि तो एक स्वर हळूच दाबला. नंतर परत खाली. आमच्या पाच जणींशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथी मात्र रिकामी घंटा शेवटपर्यंत बरोबर मात्रेला हलवत होती, आणि थांबवायच्या वेळी खांद्याला टेकवतही होती.

बोरूबहाद्दर
रिकामी घंटा मात्रेला. याला म्हणतात रियाझ.

नगरची_उत्तरा
प्रत्येक घंटेचा स्क्रू वाजवायच्या आधी बोटाने तपासायचा. सांगायचं राहिलं, चूक माझी.

शुद्धसारंग
अभिनंदन. पुढच्या वेळी कुठली पट्टी?

काळी_पाच
पांढरी पाच म्हणताहेत, जी मेजर. म्हणजे बी फ्लॅट खोक्यात आणि काळी तीन (एफ शार्प) बाहेर. चौथीने सांगून टाकलंय की ती काळी तीन तिचीच, आणि स्क्रू ड्रायव्हरही ती स्वतः आणणार आहे.